बाळाला गाठ लागली तर आधी काय बघायचं, किती दिवस थांबायचं आणि कधी धावायचं

मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी त्याला पायांवर घेतलं होतं. डाव्या हाताला तेल चोळता चोळता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, जरा इथं बोट लावून बघा. काखेत गोळी लागतेय." मी बोट लावलं. कातडीखाली भिजवलेल्या हरभऱ्याएवढं काहीतरी होतं, दाबलं की सरकायचं. बाळ मजेत पाय झाडत होतं आणि माझे हातपाय गार पडले होते.

पुढचे दोन दिवस मी तासातासाला ती गाठ चाचपत होते. कुणी चुना-हळदीचा लेप सांगितला, कुणी बिब्ब्याचं नाव काढलं, एका दवाखान्यात तर "उद्या या, चीर देऊन टाकू" असं ऐकायला मिळालं. मग बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी काख नुसती चाचपली आणि लगेच बाळाचा डावा दंड उघडा केला. तिथे बीसीजीच्या लशीची खपली होती. "गाठीचं कारण इथं आहे," ते म्हणाले.

मला आजी आठवली. गावी कुणाच्या जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलं की आजी जांघ बघायचीच नाही. "आधी पाय दाखव," म्हणायची. तळव्यात मोडलेला काटा, बोटांमधल्या चिखल्या, टाचेची भेग असं काहीतरी तिला सापडायचंच. काटा निघाला, जखम सुकली की अवधाण आपोआप बसायचं. डॉक्टरांनी केलं ते हेच. गाठ सापडली की गाठीशी झटापट करायची नाही, ती ज्या भागाची राखण करते तो भाग तपासायचा. हा लेख मी याच क्रमाने लिहिते आहे.

हे दिसत असेल तर पुढचं नंतर वाचा

काही वेळा घरी मोजमाप करत बसायचं नसतं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे आणि ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आहे, किंवा इतक्या लहान बाळाच्या मानेवर, गालावर लाल, गरम सूज आली आहे, तर तडक दवाखाना. कोणत्याही वयाचं मूल लाळ गाळतंय, थुंकी गिळत नाहीये, मान वळवत नाहीये, आवाज बसलाय किंवा श्वासाला त्रास होतोय, तर घशामागे पू झालेला असू शकतो. अशा मुलाला आडवं करून घसा बघू नका. बसत्या स्थितीत, कडेवर घेऊन मोठ्या रुग्णालयात न्या.

घशात करडा, चिकटून बसलेला पापुद्रा आणि दोन्ही बाजूंनी फुगलेली मान ही घटसर्पाची खूण आहे. लशी राहून गेलेल्या मुलात हा आजार आजही होतो आणि यात तास महत्त्वाचे असतात.

गाठी नेमक्या कसल्या

वैद्यकीय भाषेत यांना लसिका ग्रंथी म्हणतात. अंगभर साधारण ६०० असतात. मान, काख, जांघ इथे त्या कातडीच्या जवळ असल्यामुळे हाताला लागतात. पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव बारीक नळ्यांतून वाहत या ग्रंथींत येतो, गाळला जातो आणि पुन्हा रक्ताला मिळतो. द्रवासोबत जंतू आला की ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून ग्रंथी फुगते. म्हणजे बहुतेक वेळा सुजलेली गाठ आजारी नसते, ती कामावर असते.

लहान मुलांना जवळपास प्रत्येक विषाणू नवा असतो. पाळणाघरात किंवा बालवाडीत जायला लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं. एक गाठ बसते न बसते तोच दुसरी सर्दी येते. शिवाय लसिका ग्रंथींची वाढच बालवयात जोरात असते आणि वयात येताना त्या आक्रसतात. त्यामुळे सडपातळ मुलाने मान वळवली की दोन्ही बाजूंना वाटाण्यासारख्या गोळ्या नुसत्या दिसतातही. मूल खेळतंय, जेवतंय, वजन वाढतंय, तर एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

पहिली पायरी: जागा ओळखा आणि तिची हद्द तपासा

मुलाला मांडीवर समोर तोंड करून बसवा. ज्या बाजूची मान बघायची त्याच बाजूला डोकं किंचित झुकवा, म्हणजे स्नायू सैल पडतो. बोटांची टोकं टोचायची नाहीत, तीन बोटांचे पेर सपाट ठेवून कातडीवर हळू गोल फिरवायचे. दुसरी बाजूही तशीच बघा. दोन्हीकडे सारखं लागलं तर बहुधा ते त्या मुलाचं नेहमीचंच असतं.

डोक्याच्या मागे, केसांच्या कडेला गाठ असेल तर केस विंचरून बघा. उवा, खाजवून झालेल्या जखमा, केसतोड, डोक्यातला नायटा, तान्ह्या बाळाच्या टाळूवरच्या चिकट पिवळट खपल्या, यांतलं काहीतरी बहुतेकदा सापडतं. उवांवर उपचार केले तर मानेमागची ओळच्या ओळ बसते. मात्र उवा निघाल्या म्हणजे गाठ दुसऱ्या दिवशी जात नाही, तिला तीन-चार आठवडे द्या. ताप आणि पुरळ येऊन गेल्यावरही इथल्या गाठी फुगतात.

कानाच्या पुढे असेल तर डोळे आले होते का ते आठवा. हनुवटीखाली किंवा जबड्याखाली असेल तर मोबाइलच्या टॉर्चने तोंड बघा: किडलेली दाढ, हिरडीवर पुटकुळी, तोंड आलेलं. दुधाच्या दाढा शेवटी पडणारच म्हणून दुर्लक्ष करू नका, महिनोन्‌महिने न बसणाऱ्या गाठीमागे एक किडकी दाढ निघू शकते. जबड्याच्या कोपऱ्याखालची गाठ टॉन्सिलची राखणदार आहे. मुलांमध्ये सर्वांत जास्त हीच लागते.

काखेत असेल तर त्या बाजूचा हात नखांपासून खांद्यापर्यंत बघा. मांजराने ओरखडलं असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण तो ओरखडा सुकून गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी काखेत किंवा कोपराच्या आतल्या बाजूला गाठ येऊ शकते. जांघेत असेल तर आजीची पद्धत: पाय, बोटांच्या बेचक्या, गुडघ्यावरचं खरचटणं, आणि तान्ह्या बाळात लंगोटाने किंवा डायपरने लाल झालेली कातडी.

पावसाळ्यापासून पुढचे काही महिने आणखी एक गोष्ट शोधा. गवतात, झाडोऱ्यात खेळणाऱ्या मुलाला ताप आहे आणि एका भागातल्या गाठी फुगल्या आहेत, तर त्या भागातली कातडी घडीघडी उलगडून बघा. काखेत, जांघेत, कानामागे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस असू शकतो. बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा हा ताप २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भाने फार जवळून पाहिला. योग्य औषध वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. अंघोळीच्या वेळी आईला ती खपली दिसली, तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

एक जागा वेगळी ठेवायची: हासळीच्या हाडाच्या वरचा खड्डा. तिथे निरोगी मुलात गाठ लागत नाही. लागली तर ती लहान असो, मऊ असो, न दुखणारी असो, त्याच आठवड्यात दाखवा. छातीच्या आतल्या आजाराची बातमी इथे पोहोचते.

दुसरी पायरी: मोजा आणि लिहून ठेवा

"सुपारीएवढी", "लिंबाएवढी" ही मापं बोलताना ठीक, पण काळजीने भरलेल्या नजरेला गाठ रोज वाढलेलीच दिसते. कंपासपेटीतली पट्टी घ्या. बोटांनी गाठीच्या दोन कडा पकडा, त्या कडांवर पेनाने ठिपके द्या आणि ठिपक्यांमधलं अंतर मोजा. हल्लीचं एक रुपयाचं नाणं २ सेंटीमीटर रुंद आहे, तेही अंदाजाला उपयोगी पडतं.

मानेत आणि काखेत १ सेंटीमीटरपर्यंत, जांघेत दीड सेंटीमीटरपर्यंतची गाठ लहान मुलात सर्वसाधारण मानली जाते. कोपराच्या आत मात्र अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर दाखवावी. पहिल्या महिन्यातल्या बाळात अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ लागली तर बघत न बसता डॉक्टरांना दाखवा.

मग पोत बघा. साधी फुगलेली गाठ ओठासारखी मऊ किंवा फार तर नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक लागते आणि बोटाखाली सरकते. कपाळासारखी टणक, खाली चिकटून बसलेली, किंवा तीन-चार गाठींचा एकच गड्डा झालेली असेल तर थांबायचं नाही.

दुखणं हे लक्षण लोकांना उलटं समजतं. दुखणारी गाठ वाईट, न दुखणारी चांगली, असं नसतं. अचानक फुगलेली, हात लावला की मूल रडतं अशी गाठ बहुधा साध्या जंतुसंसर्गाची असते. गुपचूप, न दुखता आठवड्या-आठवड्याने वाढत जाणारी गाठ मला जास्त काळजीची वाटते.

वहीत तारीख, जागा, माप, ताप आणि मुलाचं वजन लिहा. आणि मग हात काढून घ्या. माप आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी घ्यायचं. सतत चाचपल्याने गाठ दुखते, आणि आईचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

बीसीजीची गाठ

आपल्याकडे ही गाठ इतक्या घरांत येते आणि तिच्याबद्दल इतकं कमी सांगितलं जातं, की इथे मी जरा सविस्तर लिहिते.

बीसीजी ही क्षयाविरुद्धची लस जन्मल्यावर लगेच डाव्या दंडावर कातडीत देतात. दोन ते सहा आठवड्यांत तिथे बारीक फोड येतो, तो फुटतो, खपली धरतो आणि शेवटी छोटा व्रण राहतो. हा सगळा लशीचा नेहमीचा प्रवास आहे. त्यावर मलम लावायचं नाही, तो शेकायचा नाही, पिळायचाही नाही. लशीत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. काही बाळांत ते डाव्या काखेतल्या ग्रंथीपर्यंत पोहोचतात आणि ती फुगते. कधी मानेच्या डाव्या बाजूला किंवा डाव्या हासळीवरही फुगते (हासळीवरची मात्र वर सांगितल्याप्रमाणे दाखवून घ्यायचीच). बहुतेक वेळा हे पहिल्या सहा महिन्यांत होतं. बाळाला ताप नसतो, गाठ दुखत नाही, कातडी नेहमीसारखी असते.

अशा गाठीला औषध लागत नाही. क्षयाची औषधं दिल्याने ती लवकर बसत नाही, म्हणून साध्या गाठीसाठी ती सुरू करायची नसतात. चार-सहा महिन्यांत ती स्वतःहून लहान होते. बाकीच्या लशी ठरलेल्या दिवशीच द्यायच्या, गाठ आहे म्हणून पुढचा डोस चुकवायचा नाही.

गाठ वाढून वरची कातडी लाल-जांभळी, पातळ, चकचकीत झाली आणि बोटाखाली पाणी हललं, तर ती पिकली आहे. तेव्हा डॉक्टर जाड सुईने पू ओढून घेतात. कधी दोनदा करावं लागतं. चीर मात्र द्यायची नाही, कारण तिथून महिनोन्‌महिने पाझरत राहणारी जखम तयार होऊ शकते. मी ज्या दवाखान्यातून परत आले तिथे नेमकं हेच होणार होतं. आजही त्या विचाराने अंगावर काटा येतो, म्हणून हे वाक्य मी प्रत्येक नव्या आईला सांगते.

बीसीजीच्या गाठीसोबत इतर ठिकाणीही गाठी येत असतील, बाळाचं वजन अडलं असेल, सारखा न्यूमोनिया किंवा जुलाब होत असतील, किंवा घरात आधीचं एखादं बाळ तान्हेपणी संसर्गाने गेलं असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा बाळाची प्रतिकारशक्ती तपासावी लागते.

गाठीसारखं दिसतं, पण ते वेगळं असतं

गालगुंडात सूज कानाच्या पाळीखाली येते, जबड्याचा कोपरा हरवतो आणि पाळी वर उचलल्यासारखी दिसते. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही, म्हणून ही साथ शाळांतून येत राहते. दोन-चार आठवड्यांच्या बाळाच्या मानेत टणक गोळा आणि मान एका बाजूला कललेली असेल तर तो बहुधा स्नायूतला गोळा असतो. लवकर व्यायाम सुरू केला तर मान सरळ होते. गळ्याच्या मधोमध असलेली, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ जन्मजात पिशवीची असते. जांघेतला फुगा रडताना वाढत असेल आणि झोपेत जात असेल तर तो हर्निया. तो टणक होऊन अडकला आणि बाळ उलट्या करायला लागलं तर रात्र असली तरी निघा.

तिसरी पायरी: घरी काय करायचं

ठसठसणारी गाठ असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं मऊ फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा. आधी ते स्वतःच्या मनगटावर लावून बघा. तेल चोळून जिरवणं, दाबणं, सुईने टोचणं, चुना, बिब्बा, डाग देणं यांतलं काहीही नको. बिब्ब्याने तान्ह्या कातडीवर खरोखर भाजल्यासारखी जखम होते.

तीन महिन्यांवरच्या मुलाला ताप किंवा दुखणं असेल तर पॅरासिटामॉल चालतं: वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत निदान ४ ते ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवरचं लेबल मात्र वाचाच. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅमसाठी थेंबांचं औषध दीड मिलिलिटर लागतं आणि १२५ चं सिरप ६ मिलिलिटर. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर मुलाला चौपट औषध जातं. ॲस्पिरिन घरच्या घरी देऊ नका.

उरलेलं अँटिबायोटिक पुन्हा काढू नका. सर्दीच्या गाठीवर त्याचा उपयोग नसतो आणि जिथे खरंच लागतं तिथे अर्धवट डोसाने दुखणं दबून राहतं.

चौथी पायरी: कधी दाखवायचं आणि तिथे काय होतं

लाल, गरम, ताप आणणारी गाठ असेल तर त्याच दिवशी. २ सेंटीमीटरपेक्षा मोठी असून दोन आठवड्यांत बसत नसेल, चार-सहा आठवड्यांनीही लहान होत नसेल, किंवा कधीही वाढतच चालली असेल, तर वेळ घेऊन जा. गाठीसोबत मूल फिकट पडलंय, अंगावर न लागता काळे-निळे डाग, हाडं दुखतात म्हणून चालायला नकार, रात्री कपडे भिजवणारा घाम, वजन घटणं यांतलं काही असेल तर उद्यावर ढकलू नका. क्वचित का होईना, ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) असेच सुरू होतात, आणि मुलांमध्ये वेळेवर उपचार मिळाले तर यातून बरं होण्याची आशा चांगली असते.

पाच दिवस न उतरणारा ताप, मानेत एका बाजूला मोठी गाठ, चिपडं न येता लाल झालेले डोळे, फुटलेले लाल ओठ, पुरळ, सुजलेले तळहात-तळपाय असं चित्र असेल तर "कावासाकी आहे का?" असं स्वतःहून विचारा. जपानमधल्या डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये हा आजार मांडला. काही मुलांत बीसीजीचा जुना व्रणही लाल होतो. तापाच्या पहिल्या १० दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध) दिलं तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांना होणारी इजा बरीच टळते, म्हणून इथे उशीर नको.

डॉक्टर आधी पूर्ण अंग तपासतील, पोटात यकृत-प्लीहा लागतात का बघतील. मग गरजेनुसार रक्त, सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे. एक गोष्ट मी ठासून लिहिते: निदान झाल्याशिवाय "गाठ बसवायला" स्टेरॉइडचं सिरप देऊ नका. रक्ताच्या कर्करोगाची गाठही त्याने काही दिवस विरघळते, खूण पुसली जाते आणि निदान लांबतं. चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिसलं तर कशासाठी आहे ते विचारा. तो आपला हक्क आहे.

गंडमाळ, म्हणजे मानेच्या गाठींचा क्षय, आपल्याकडे अजूनही आहे. न दुखणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या गाठी, अँटिबायोटिकने न बसणाऱ्या, घरात कुणाला लांबलेला खोकला. अशा वेळी सुईने नमुना घेऊन तो सीबीनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवतात. "सुई घातली की रोग पसरतो" हा समज चुकीचा आहे, सुईमुळेच नेमकं निदान होतं. क्षयाची तपासणी आणि साधारण ६ महिन्यांची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. नोंद झालेल्या रुग्णाला आहारासाठी महिना १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. केवळ गाठीचा क्षय असलेल्या मुलापासून सहसा इतरांना लागण होत नाही, त्याचं ताट-भांडं वेगळं करू नका. उपचार चालू असताना मध्येच गाठ वाढल्यासारखी होऊ शकते. औषध बंद न करता दाखवून या.

जाताना लसीकरणाचं कार्ड, वहीतली मापं, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गाठ दिसत असेल तर पहिल्या दिवसाचा फोटो सोबत ठेवा. मापाची पट्टी शेजारी धरून काढलेला फोटो सगळ्यात कामाचा.

आमच्या वहीत पहिली नोंद १४ मिलिमीटरची आहे. नंतर दोन रविवार १५, मग बरेच दिवस १२. मुलगा आठ महिन्यांचा झाला त्या आठवड्यात ५ मिलिमीटर लिहिलंय आणि पुढे मावशींचे शब्द: "आता शोधावी लागते."